सतरा खड्ड्यांची राखणदारीण

तंजावूरहून नैऋत्येकडं बसनं पाऊण तास गेलं की भातशेती संपते, कालवे संपतात आणि तांबडी माती सुरू होते. तिथं ओणानमेडू नावाचा एक चढ आहे. ओणान म्हणजे सरडा. टेकडी म्हणावी इतकी काही त्याची उंची नाही, पण सगळा जन्म सपाटीवर काढलेल्या आमच्या लोकांना तेवढ्यानंही धाप लागते, म्हणून आम्ही तिला टेकडीच म्हणतो.

या टेकडीच्या उतारावर जमिनीत सतरा खड्डे होते. वीतभर रुंद, हातभर खोल आणि सगळे बरोबर एका गोलात. मधोमध चुलीची भाजून काळी पडलेली जागा. या सतरा खड्ड्यांची राखण करायला सरकारनं एक बाई नेमली होती, आणि तिचं नाव राजम. सरकारच्या कागदावर ती ‘तात्पुरती’ होती. सरकारात तात्पुरतं म्हणजे माणूस मरेपर्यंत, एवढं तर तुम्हांला ठाऊक असेलच.

राजमचा नवरा वेंकटरमणराव शिंप्याच्या घरातला. त्याचे पूर्वज मराठे राजांचे तंबू शिवायचे असं त्यांच्या घरी सांगत. तंजावूरच्या प्रत्येक मराठी घरात असं काहीतरी सांगतातच. राजाच्या घोड्याला दाणा घालणाराचं घर मी अजून पाहिलं नाही, सगळे आपले सेनापतीच. वेंकटरमणरावाला मात्र सुईत दोरा ओवता येत नव्हता. चौऱ्याऐंशी साली ओणानमेडूवर खोदकाम निघालं तेव्हा तो तिथं राखणदार म्हणून लागला, आणि राजम रोज दुपारी त्याचा डबा घेऊन चढ चढू लागली.

खोदकाम करणारं खातं मद्रासचं. त्याचं नाव घेऊन माझं तोंड मी कशाला विटाळू? साहेबाचं नाव सांबशिव. तेव्हा त्याला पोट नव्हतं आणि लाज होती. उन्हात पालथा पडून तो बारक्या ब्रशनं माती झटकायचा, आणि काही सापडलं की समोर कोण आहे ते न पाहता दाखवत सुटायचा. एक दिवस समोर राजम होती. हातात डबा.

“हे बघा अम्मा,” तो चुलीपाशी बोट दाखवून म्हणाला. “दिसतंय?”

मातीच्या जमिनीवर अर्धगोल वळ होते. चार चार बोटांचे, एकात एक गुंतलेले.

“सारवलंय की,” राजम म्हणाली.

“तीन हजार वर्षांपूर्वी. इथं गोल घर होतं. या खड्ड्यांत खांब होते. आणि कुणीतरी बाईनं ही जमीन शेणमातीनं सारवली. तिचा हात आहे हा.”

“त्यात काय मोठं? मी आज सकाळीच सारवून आले.”

सांबशिव खदखदून हसला. “तेच तर मोठं आहे, अम्मा,” म्हणाला.

दोन हंगाम खोदकाम चाललं. मग पैसे संपले की हुरूप संपला, कोण जाणे. जमिनीवर वाळू पसरली, वाळूवर झावळ्यांच्या चटया, भोवती तारेचं कुंपण, आणि एक निळी पाटी, की इथं हात लावाल तर तुरुंगात जाल. सांबशिव म्हणाला, “मद्रासला जाऊन अहवाल लिहितो.” गेला तो गेलाच. बढती मिळाली, दुसरी बढती मिळाली, पोट सुटलं. अहवालाचं पान काही लिहून झालं नाही.

सत्याऐंशीत वेंकटरमणराव काविळीनं गेला. पदरात बारा वर्षांची हरिणी. खात्यानं मोठा उपकार केल्यासारखं राजमला नवऱ्याच्या जागी घेतलं. आता नळावरच्या बायकांना करमणूक झाली.

“काय गं राजम, आज एखादा खड्डा पळाला का?”

“पळाला नाही, अठरावा उगवलाय,” राजम कळशी उचलत म्हणायची. “तुझ्या नवऱ्याच्या मापाचा आहे. पाठवून दे.”

जीभ अशी, म्हणून कुठल्या घरमालकिणीशी तिचं पटलं नाही. तंजावूरच्या पश्चिमेकडच्या गल्ल्यांत तिनं सात वर्षांत पाच बिऱ्हाडं बदलली. कुठं मागची खोली, कुठं जिन्याखालची. प्रत्येक ठिकाणी विहिरीच्या वेळा ठरलेल्या, दिवा घालवायची वेळ ठरलेली, पाहुणा आला तर कपाळाला आठ्या. टेकडीवर तसलं काही नव्हतं. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये ती दिवसभर बसायची आणि कुंपणातल्या त्या चटईखालच्या घराकडं बघायची. आधी कंटाळा म्हणून. मग सवय म्हणून. मग एक दिवस कुणाच्या तरी शेळ्या आत घुसल्या तेव्हा ती काठी घेऊन अशी धावली की शेळीवाला म्हणाला, “अक्का, तुझं घर आहे का हे?” राजमनं त्याला चार शिव्या हासडल्या, पण ते वाक्य तिच्या मनात राहिलं.

ती तिथल्या बाईविषयी बोलू लागली. हरिणीला सांगायची, दार पूर्वेला होतं, कारण त्या बाजूच्या दोन खड्ड्यांत अंतर जास्त आहे. पश्चिमेचा वारा अंगावर येतो इथं, तिला अक्कल होती. पाणी खालच्या ओढ्यातनं आणत असेल, म्हणजे माझ्यासारखेच गुडघे गेले असतील. हरिणी म्हणायची, “अम्मा, तुला वेड लागलंय.” असेल लागलं. त्या घराला मद्रासमध्ये कागद नव्हता, कपाटात अहवाल नव्हता, जगात ते आहे हे जाणणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक विसरायच्या खटपटीत होतं.

पंच्याण्णव साल उजाडलं. सरकारनं देश उघडा केला होता असं पेपरात यायचं. आमच्याकडं उघडली ती इंजिनिअरिंग कॉलेजं. कालपर्यंत भाताच्या गिरण्या चालवणारे लोक आज शिक्षणमहर्षी झाले. असल्याच एका गिरणीवाल्याला ओणानमेडूचा उतार आवडला. त्याला कॉलेजही हवं होतं, पोरांना राहायला वसतिगृहही हवं होतं, आणि या सगळ्याच्या बरोबर मध्ये राजमचे सतरा खड्डे.

गिरणीवाल्याचा निरोप घेऊन वरुणराव आला. हा राजमचा चुलत दीर. मराठी मंडळाचा चिटणीस. याला मराठीची तीन वाक्यं येतात आणि ती तो प्रत्येक सभेत म्हणतो. पुढचा मराठी बाणा तमिळमध्ये. आता तो कॉलेजच्या जमिनींची कामं बघत होता. स्कूटर खाली लावून, रुमालानं मान पुसत तो वर आला.

“वैनी, एक विचार आहे. ही आपली मराठ्यांची चौकी होती असं म्हणू. आपले शिपाई इथं पहाऱ्याला असत. चेअरमन कॉलेजच्या दारात मोठी संगमरवरी पाटी लावायला तयार आहेत. समाजाचं नाव होईल. खड्डे काय, पाटी असली की झालं.”

“आपले लोक इथं कधी आले?” राजमनं विचारलं.

“झाली की सव्वातीनशे वर्षं.”

“आणि ही बाई तीन हजारांची. तिला तुझ्या मंडळाची सभासद करून घेतोस का? कार्यकारिणीत एक जागा दे. तुझ्यापेक्षा बरं मराठी बोलेल.”

वरुणराव हसला नाही. असल्या माणसांना स्वतःवरचा विनोद कळतो, फक्त आवडत नाही. जाताना म्हणाला, “वैनी, खात्याचं पत्र आलं की तुझंही काम संपेल, विचार कर.” तेव्हा राजमला कळलं की गोष्ट कुठवर गेली आहे. खात्यानं ‘इथं काही नाही’ असं लिहून दिलं की बुलडोझर चढणार. ‘इथं घर आहे’ असं लिहून दिलं तर गिरणीवाल्याच्या बापालाही हात लावता येणार नव्हता. सगळं सांबशिवाच्या एका कागदावर होतं.

आणि तिला वाटलं, मग भिण्यासारखं काय आहे? तो तर स्वतः पालथा पडून झटकत होता. या भोळेपणाबद्दल तिला मी आजही क्षमा करत नाही.

मार्च महिन्यात हुकूम आला: सोमवारी पाहणी, वाळू काढून जागा उघडी ठेवावी. राजमनं खालच्या गावातल्या दोन बायका घेतल्या आणि तीन दिवस टोपल्यांनी वाळू उपसली. शेवटचा थर तिनं एकटीनं हातानं काढला. दहा वर्षांनी जमीन वर आली. चूल, गोल, सतरा खड्डे, आणि ते चार बोटांचे वळ, काल कुणी हात फिरवून उठलं असावं तसे. राजमनं त्या दिवशी हरिणीला मुद्दाम बोलावून दाखवलं, आणि हरिणीनं पुन्हा वेडाचं नाव काढलं नाही.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही.

मार्चचं आमच्याकडचं ऊन म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा. तीन हजार वर्षं ओलाव्यात निजलेली माती उघडी पडली आणि सुकू लागली. गुरुवारी बारीक भेगा दिसल्या. शुक्रवारी भेगांत करंगळी जाईल अशी गत. हरिणी तेव्हा तंजावूरच्या बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये बसायची. राजमनं तिथं जाऊन मद्रासला फोन लावायला लावला. साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा एका कारकुनानं कृपा केली.

“तारीख सांगता येत नाही. फाइल वर गेलीय.”

“मग मी वाळू परत टाकते. जमीन फुटतेय.”

“लेखी हुकुमाशिवाय झाकायचं नाही. पाहणी बाकी आहे. झाकलं तर तुमच्यावर येईल.”

“अहो, पण ती फुटतेय!”

“तसा अर्ज करा,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला. तोंडाला पानं पुसायचं शिक्षण या लोकांना कुठं देतात कुणास ठाऊक, पण उत्तम देतात.

राजमनं काय नाही केलं? दोन झावळ्यांची सावली धरली, ती वाऱ्यानं उडवली. साडी पसरली, साडी उडाली. नवव्या दिवशी चुलीजवळचा तळहाताएवढा पापुद्रा सुटून उभा राहिला, आणि तिच्या डोळ्यांदेखत वाऱ्याबरोबर भुगा होऊन गेला. तीन हजार वर्षं, आणि असं एका फुंकरीत. ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. ऐकायला होतं कोण? शेळ्या.

मग ती उठली. आता मला सांगा, मातीच्या जमिनीला भेगा पडल्या, पापुद्रे सुटायला लागले, तर आपल्याकडं बाई काय करते? अर्ज करते? राजम खाली गावात गेली, बादलीभर ताजं शेण आणलं, ओढ्याकाठची चिकणमाती चाळून त्यात कालवली, ताकासारखं पातळ केलं आणि गुडघ्यांवर बसून सारवायला लागली. गोलाच्या कडेपासून सुरुवात केली. एक एक खड्डा चुकवत, कडा दाबत. चुलीजवळच्या त्या वळांपाशी आली तेव्हा थांबली. तिथं तर सगळ्यात जास्त पापुद्रे उठले होते. हात न फिरवावा तर संध्याकाळपर्यंत ते जाणार, फिरवावा तर झाकले जाणार. तिनं आपली चार बोटं त्या वळांतच ठेवली आणि ते वळले होते तसाच हात वळवला.

जमीन वाचली. खरोखर वाचली, ते तिला दुसऱ्या दिवशी बोटानं वाजवून कळलं. आणि सारवलेली जमीन रिकामी ठेवत नाहीत, मयताच्या घरीच ठेवतात, म्हणून तिनं दाराच्या जागी पिठाचं एक छोटं कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, काढलं. असली चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. शिकलेल्या माणसानं ती जमीन मरू दिली असती आणि तिच्यावर शोकसभा घेतली असती.

अकराव्या दिवशी साहेब आला. कॉलेजच्या गाडीतनं आला, पुढच्या सीटवर वरुणराव. चढ चढताना दोनदा थांबला. कुंपणाच्या आत पाऊल टाकलं आणि त्याला ती गुळगुळीत, वाळलेली, कोलम काढलेली जमीन दिसली.

राजम त्याच्या तोंडाकडं बघत होती. आधी तो दचकला. मग तिनं पाहिलं, की त्याच्या तोंडावरचा ताण उतरतोय. परीक्षेला न वाचता गेलेल्या पोराला पेपर रद्द झाल्याचं कळावं, तसा. दहा वर्षं न लिहिलेला अहवाल. खोदकामाच्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या, हे पुढं कळलं. ‘इथं घर आहे’ म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग इतकी वर्षं काय करत होतास?

“इथं कोण राहतं?” त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“साहेब, मी राजम. वेंकटरमणरावाची बायको. जमीन फुटत होती म्हणून वरनं पातळ हात दिलाय. खाली सगळं आहे. ओलं फडकं ठेवलं की वरचा थर सुटेल. तुम्हीच दाखवलं होतं मला, इथं, चुलीपाशी, बाईचा हात—”

“शेण ताजं आहे,” सांबशिव वरुणरावाला म्हणाला.

“साहेब, खाली वाकून बघा तरी!”

तो वाकला नाही. एकेकाळी दिवसभर पालथा पडणारा माणूस, गुडघाभर वाकला असता तर पुरे होतं. तो वळला आणि उतरून गेला. गाडीत त्याला शहाळं दिलेलं राजमनं वरनं पाहिलं.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. राजमला कामावरून काढल्याचा हुकूम, आणि त्याला जोडलेली पाहणीची नक्कल. इंग्रजीत. हरिणीनं बूथमध्ये बसून वाचून दाखवली.

“सदर जागी पुरातन असे काहीही अवशेष नाहीत. अलीकडच्या काळातील एका गोल झोपडीची जमीन असून ती आजही वापरात आहे. राजम नामक स्त्रीचा तिथे राहता ताबा दिसून येतो.” हरिणी रडायला लागली. “अम्मा, संपलं. यांनी तुलाच चोर केलं.”

राजमनं सांबशिवाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोन करायला आलेले दोघं जण फोन न करता निघून गेले. खाता खाता जीभ चावावी तशी ती मध्येच थांबली.

“ते शेवटचं परत वाच. कुणाचा ताबा?”

“तुझा.”

“राहता?”

“राहता.”

“सही कुणाची?”

“सांबशिवाची.”

“शिक्का?”

“आहे की गोल, जांभळा.”

“आण इकडं,” राजम म्हणाली.

तालुका कचेरीतले तहसीलदार गुरुमूर्ती हे निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले गृहस्थ. डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता, फक्त कागदावर होता. समोर हत्ती उभा केला तरी ते दाखला मागतील. याच स्वभावापायी लोक त्यांना शिव्या घालत आले, आणि याच स्वभावानं राजमला हात दिला. त्यांनी नक्कल दोनदा वाचली.

“तुम्ही तिथं राहता?”

“सरकार म्हणतंय,” राजम म्हणाली.

“हं. सरकार म्हणतंय खरं. सरकारी जमिनीवर बेघर विधवेचा राहता ताबा.” त्यांनी चष्मा पुसला. “मग आधी तुम्हांला अतिक्रमणाची नोटीस काढावी लागेल.”

आमच्याकडं लोक ही नोटीस मिळाली की देवाला नारळ फोडतात. सरकार ज्याला ‘तू बेकायदा इथं राहतोस’ असं लेखी कळवतं, तो तिथं राहतो एवढं सिद्ध झालं ना? तोच घराचा पहिला कागद. वर्षानुवर्षं लोकांनी त्या नोटिसा ट्रंकेत जपल्यात. राजमनं सहीसाठी अंगठा नाही उठवला, तमिळमध्ये ठसठशीत सही केली.

“पंधरा दिवसांनी मी जागा बघायला येईन,” गुरुमूर्ती म्हणाले. “घर म्हणजे वर छप्पर लागतं, हे तुम्हांला सांगायला नको.”

छप्पर म्हणजे खांब. इथं राजमचं घोडं अडलं. तिनं झावळ्या शाकारणाऱ्या शेषम्माला आणि तिच्या नवऱ्याला वर आणलं आणि बजावलं, खांब गोलाच्या बाहेर रोवायचे, या खड्ड्यांना हात लावायचा नाही. नवऱ्यानं बाहेर पहार मारली. दीड वितीवर खडक. दुसरीकडं मारली, खडक. शेषम्मा मात्र गोलात उकिडवी बसून एकेका खड्ड्यात हात घालून बघत होती.

“अक्का, हे कुणी खणलेत?”

“का गं?”

“उताराच्या बाजूचे खोल आहेत, वरच्या बाजूचे उथळ. बरोबर तिथंच खणलेत जिथं खडक फुटतो. ज्यानं खणले त्याला काम येत होतं. आमच्या याला येत नाही.”

राजमनं दोन दिवस काम थांबवलं. खांब आत घातला की त्या खड्ड्यात जे काय जुनं राहिलं असेल, कोळसा, लाकडाचा चुरा, ते सगळं चेचून जाणार हे तिला सांबशिवानंच शिकवलं होतं. मग उद्या कुणी खरोखर शहाणा माणूस आला, तरी त्याला काही सापडायचं नाही. ते घर होतं याचा पुरावा आपल्याच हातानं मोडायचा, म्हणजे ते घर राहील. असला तिढा त्या खड्ड्यांनी तीन हजार वर्षांत पाहिला नसेल. तिसऱ्या दिवशी तिनं हो म्हटलं. ताडाचा पहिला खांब खड्ड्यात बसला तेव्हा ती पाठ फिरवून उभी राहिली आणि पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. शेषम्माला वाटलं, घर होतंय म्हणून आनंदानं.

सतराही खांब बसले, एकही ठोकून बसवावा लागला नाही. गुरुमूर्ती आले, त्यांनी खांब मोजले, चूल बघितली, चुलीवरचा भात बघितला, आणि लिहिलं: एक गोल झोपडी, सतरा खांब, राहती. पट्टा, म्हणजे जागा तिच्या नावावर झाल्याचा सरकारी कागद, व्हायला दीड वर्ष गेलं, पण झाला. कॉलेजची भिंत सरळ येता येता ओणानमेडूवर वाकडी झाली आणि राजमच्या घराला वळसा घालून गेली. चेअरमननं वरुणरावाची कानउघाडणी केली म्हणतात. वर्षभर त्यानं राजमला वैनी म्हटलं नाही, आणि पुढं मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्याच घरापुढं उभा राहून फोटो काढून घेतला.

गुरुमूर्तींनी निवृत्त व्हायच्या दिवशी तिला एवढं सांगून ठेवलं, “अम्मा, तो पाहणीचा कागद तुमच्या पट्ट्याचा पाया आहे. जागा जुनी आहे असं खात्यानं कधी लिहिलं, तर पट्टा रद्द. हे घर सोडावं लागेल. तेव्हा कुणाशी फार बोलू नका.”

नव्व्याण्णवच्या जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, सांबशिव पायी चढ चढून आला. एकटा. मद्रासचं चेन्नई झालं होतं, आणि त्याचं निवृत्तीला वर्ष उरलं होतं. कावेरीच्या खालच्या अंगाला तसलं गोल घर कुणाला तरी सापडलं होतं आणि जिकडं तिकडं गाजत होतं. ‘असं घर याआधी मी पाहिलंय’ एवढं म्हणायला याच्याकडं काय होतं? चार फोटो आणि ही जागा.

राजमनं त्याला बाहेर खाटेवर बसवलं, पेल्यातनं ताक दिलं. त्यानं खांब खालपासून वरपर्यंत बघितले.

“त्याच खड्ड्यांत?” त्यानं विचारलं.

“त्याच.”

“राजमम्मा, मला चुलीपाशी थोडं उकरू द्या. हातभर जागा. वरचा थर काढला की खाली ती जमीन असेल. तीन हजार वर्षांची आहे, मला माहीत आहे, तुम्हांला माहीत आहे.”

चार वर्षांनी त्याच्या तोंडातनं ते निघालं. राजम उठली. तिनं आत जाऊन हरिणीची वही आणली, पेन आणलं, आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

“मग लिहा.”

“काय लिहू?”

“इथं तीन हजार वर्षांपूर्वीचं घर आहे. आणि पंच्याण्णव साली मी खोटं लिहिलं. खाली सही. तारीख. मग उकरा, हातभर कशाला, सगळी जमीन उकरा.”

“असं लिहिलं तर तुमचा पट्टा जाईल. तुम्हांला ठाऊक नसेल—”

“मला ठाऊक आहे. मी संध्याकाळपर्यंत चूलबोळकी आवरते. पाच बिऱ्हाडं बदललीत, हेही बदलीन. तुम्ही लिहा.”

तो वर बघायला लागला, ती खरंच म्हणतेय का ते. ती खरंच म्हणत होती. तिनं उंबऱ्याजवळची पितळी घागर उचलून बाहेर ठेवलीसुद्धा. त्यानं पेनाचं टोपण काढलं. वहीचं पान उघडलं. बारा वाजले, साडेबारा झाले. राजम समोर उकिडवी बसून होती, डोळ्यांची पापणी न लवता. पान कोरं होतं.

मग त्यानं टोपण लावलं, वही बंद करून खाटेवर ठेवली आणि रिकामा पेला हातात फिरवत विचारलं, “तंजावूरची बस किती वाजता आहे?”

“पावणेदोनला,” राजम म्हणाली. “चालायला लागा, मिळेल.” आणि तिनं घागर उचलून परत आत नेली.